भूपालची पट्टी

भूपाल आता नाही, तर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, असं माझी बायको म्हणते. बोलतो की! पण तो होता तेव्हा माझं जे पोट दुखायचं, ते काय खोटं होतं? माणूस गेला म्हणून आपली जळजळ त्याच्या राखेबरोबर कृष्णेत सोडून येता येत नाही.

मी दिनकर. मलकापुरात हायवेच्या कडेला माझं फर्निचरचं पत्र्याचं शेड आहे. सुतारकी बापापासून घरात. मला आयुष्यात फार मोठं काही नको होतं. गावात कुणी चांगलं दार बघितलं की त्यानं 'हे दिनकरचं काम दिसतंय' एवढं म्हणावं, बास. आणि तसं होतही आलं होतं. लोक म्हणायला लागले होते. तेवढ्यात शेजारचं रिकामं शेड भूपालनं भाड्यानं घेतलं.

तो मिरजेच्या पुढचा. जैन शेतकऱ्याचं घर, भाऊ ऊस आणि हळद करायचे. हा शेतात रमला नाही, लाकडात रमला. पहिल्या दिवशी शेडमध्ये आला तो पांढराशुभ्र शर्ट घालून, कानात अत्तराचा फाया. मी मनात म्हटलं, हा काय लग्नाला आलाय का रंधा मारायला? संध्याकाळपर्यंत शर्टाची वाट लागेल, मग येईल ताळ्यावर. कुठलं काय! रोज पांढरा शर्ट, रोज भुशानं पिवळा व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरा. माझी बायको शैला डबा द्यायला आली की हमखास त्याच्याकडं बघून माझ्या बनियनकडं बघायची. बोलायची काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच्या सवयी बघायला लोक थांबायचे. शेडमधल्या नळाच्या तोंडाला त्यानं पांढरं फडकं बांधलेलं. पाणी गाळल्याशिवाय प्यायचा नाही, दुसऱ्याच्या बाटलीतलं तर नाहीच. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणजे जेवायचं. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी, "बसा वो जरा, सूर्व्या काय माझ्यासाठनं थांबायचा न्हाई," म्हणून डबा उघडायचा. आणि लाकडावर मशीन लावायच्या आधी फळी दोनदा आपटायचा, वर फुंकर मारायचा. का, तर मुंगी असली तर निघून जाऊ दे. हे सगळं मोठ्यांदा बोलून, हसून, दहा जणांना दाखवून. गरीब गाय अजिबात नव्हता. आपण देखणं काम करतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि बघणारा दिसला की त्याच्या हाताला आणखी जोर यायचा.

त्याचा खरा जीव राउटरवर. राउटर म्हणजे दोन्ही हातांनी धरून लाकडावर फिरवायचं मशीन. खाली बिट, म्हणजे गरगरा फिरणारं पातं. ते कड गोल करतं, खाच पाडतं, नक्षी काढतं. मशीन माझ्याकडंही होतं. त्याच्यापेक्षा भारी होतं. पण भूपाल मशीनबद्दल बोलायचाच नाही. बोलायचा ते त्याला लावायच्या सामानाबद्दल. कडेला लागून सरळ चालवणारं गाइड, त्याला तो कासरा म्हणायचा. साच्याच्या कडेनं फिरायला खाली बसवतात ती धातूची बांगडी, म्हणजे बुश. तिला वेसण.

"बैल कुनाचा बी असू दे दिनू," म्हणायचा, "वेसण आपली पायजे. न्हाईतर त्यो आपल्याला वडीत न्हेतो आन् आपुन म्हंतो नांगरट झाली."

हे तो मला एकट्याला कधी सांगायचा नाही. चार गिऱ्हाइकं उभी असताना सांगायचा. नाकाला मिरच्या झोंबायला आणखी काय लागतं?

आमच्या दोघांच्या मध्ये नुसती पत्र्याची भिंत. त्याचा राउटर चालू झाला की मला इकडं आवाजावरून कळायचं की लाकूड मऊ आहे का कडक, बिट नवं आहे का घासलेलं. आवाज कधी अडखळायचा नाही. माझा राउटर कुत्रं मागं लागल्यासारखा ओरडायचा. मी मग त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून माझा चालू करायचो.

एकदा मेढ्याकडचा एक हॉटेलवाला माझ्याकडं आला. जुनं गिऱ्हाईक, माझं. त्याला गोल टेबलं पाहिजे होती. मी दोरी आणि खिळ्यानं गोल आखला, कटर चालवला, कड जरा वाकडीतिकडी झाली, ती पॉलिश पेपरनं घासत बसलो. पलीकडं भूपालला ऐकू गेलं असणार. त्यानं शेडपुढं एक फळी मांडली, मधोमध खिळा मारला, प्लायच्या लांब पट्टीचं एक टोक खिळ्यात आणि दुसऱ्या टोकाला राउटर. आणि खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरावा तसा हा पांढऱ्या शर्टात टेबलाभोवती फिरला. एक फेरी, दुसरी फेरी जरा खोल, तिसरी आणखी खोल, आणि थाळीसारखा गोल निघाला. हॉटेलवाला माझ्या शेडमध्ये उभा, मान मात्र तिकडं.

"हे कोण वो?" त्यानं विचारलं.

"आहे एक सांगलीकडचा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाईक त्याचं. भूपाल संध्याकाळी माझ्याकडं येऊन म्हणतो कसा, "आरं, ती पट्टी ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. मला काय, दुसरी करतो." मी नको म्हणालो. त्याच्या प्लायच्या तुकड्यावर माझं दुकान चालायचं काय? मी ठरवलं, आपण सांगलीला जाऊन सगळं नवीन, स्टीलचं, डब्यातलं आणायचं.

तर हा म्हणतो, "चल की मग. माझ्या गाडीवर जाऊ, मला बी एक बिट घ्यायचंय."

सांगलीच्या बाजारात त्याच्या ओळखीचं हत्यारांचं दुकान. तिथं त्याचं जे नाटक चाललं ते बघण्यासारखं होतं. एकेक बिट उचलायचा. आधी दांडा बघायचा, जाड आहे का. "बारीक दांड्याचं बिट थरथरतंय, आन् मग कड दातवणासारखी निगती." मग धार अंगठ्याच्या नखावर टेकवायचा. मग बिटाच्या टोकाचं बेअरिंग कानाशी नेऊन बोटानं फिरवायचा, डोळे मिटून. "ह्ये किरकिरतंय. दुसरं काढा." दुकानदार शेवटी वैतागला.

"आण्णा, बिट घ्यायला आलाय का सून बघायला?"

"सुनंची चूक घरात झाकती वो," भूपाल म्हणाला. "बिटाची चूक दारावर दिसती."

सगळं दुकान हसलं. मी पण हसलो, काय करणार. त्यानं दुपारपर्यंत घासाघीस करून एकच बिट घेतलं, रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवलं. मी बिटांची अख्खी पेटी घेतली, गोल कापायचं स्टीलचं गाइड घेतलं, बुशचा संच घेतला. पेटीकडं बघून तो म्हणाला, "दिनू, ह्यातली निम्मी तुला वळखनार बी न्हाईत." बरोबरच होतं ते मेल्याचं. गोल कापायचं गाइड माझ्याकडं अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

एक गोष्ट मात्र मी अशी घेतली जी त्याच्याकडं नव्हती. राउटरला लावायचं पारदर्शक झाकण आणि पाइप. पाइप व्हॅक्यूमला जोडला की उडणारा भुसा ओढून घेतो.

"ह्यो कशाला?" त्यानं विचारलं.

"भुसा छातीत जात नाही."

"आरं, भुसा म्हंजे सुताराचा भंडारा! उधळल्याबिगर जत्रा कसली रं? आन् त्या झाकनामागनं बिट दिसत न्हाई नीट. नवरी बघायची ती पडद्याआडनं व्हय?"

मी म्हटलं, "पाणी मारे गाळून पितोस, हवा का नाही गाळत?"

तो एकदम गंभीर झाला. "पान्यात बारीक जीव असत्यात, ते मरू नयेत म्हनून गाळायचं. भुशात कुठला आलाय जीव?"

मी पाइप पिशवीत घातला. उत्तर मला आता सुचतं. त्या सगळ्या जिवांत त्यानं स्वतःचा धरलाच नव्हता.

मग आमचं घर झालं. आगाशिव डोंगराच्या बाजूला दोन खोल्या आणि वर गच्ची. वास्तुशांतीची तारीख निघाली. आणि शैला, सुताराची बायको, माझी बायको, जेवताना मला काय म्हणावी?

"पुढचं दार भूपालभावजींस्नी सांगूया का?"

मी भाकरी खाली ठेवली. मी म्हणालो, "का? मी काय मेलोय?"

"तसं न्हाई वो. तुमाला घराचं बाकीचं लय काम. भावजींचा हात जरा..."

"जरा काय?"

"जरा हलका हाय," ती म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

त्या रात्री मला झोप नाही. जगानं भूपालचं नाव घ्यावं, हरकत नाही. पण माझ्या उंबऱ्यावर, माझ्याच बायकोनं? मी ठरवलं, दार मीच करणार, आणि असं करणार की शैलानं पुन्हा हलका हात म्हणून तोंड उघडू नये.

सागाचं दार. मधोमध वरून कमानदार अशी मोठी खाच पाडायची आणि तिच्यात कोरलेली फळी बसवायची. कमान सुबक पाहिजे, आणि तशी कमान एकाच माणसाकडं होती. भूपालकडं तिचा एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचा, साचा होता. गेलो. दगडाखाली हात होता, जावंच लागलं. वाटलं होतं, आढेवेढे घेईल. मला मनातून तेच पाहिजे होतं. पण ह्या माणसानं तोही आनंद दिला नाही. लगेच भिंतीवरचा साचा उतरवून, फुंकर मारून हातात दिला. आतल्या फळीचं मापही सांगितलं.

"आन् ह्यो बुश बी ने," म्हणाला. "ह्या साच्याची वेसण हीच."

"बुश आहे की माझ्याकडं. अख्खा संच आहे," मी म्हणालो.

"आरं, पर..."

"आहे म्हटलं ना!"

त्यानं बुश परत फडक्यात गुंडाळला. 

आता ज्याला ठाऊक नाही त्याला सांगतो. बुश साच्याच्या कडेला घासत फिरतो, आणि बिट त्या बुशच्या मधोमध असतं. म्हणजे बुश जाड असेल तर बिट साच्याच्या कडेपासून लांब कापतं, बारीक असेल तर जवळ. साचा करणारा आपला बुश मनात धरूनच साचा कापतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोक्यात राख घातली की ठाऊक असलेलं उपयोगाला येत नाही. माझा बुश त्याच्यापेक्षा बारीक होता. खाच अशी झकास पडली, कमान अशी गुळगुळीत निघाली, की मी शिट्टी मारायला लागलो. मग त्याच्या मापानं केलेली फळी आत ठेवली. चारी बाजूंनी फट. बोटाचं नख सहज जाईल एवढी, वरपासून खालपर्यंत सारखी. लहान पडली असती तर आणखी कापता आली असती. मोठी पडलेली खाच कोण लहान करणार? दुसरा साग आणायला वेळ नाही, पाहुण्यांना फोन गेलेले, आचारी ठरलेला.

मी दाराकडं बघत बसलो. पलीकडचा राउटर बंद झाला. माझा आवाज थांबला की त्यालाही कळत असणार, भिंत काय मला एकट्यालाच नव्हती. तो आला. दार बघितलं. फटीवरून अंगठा फिरवला. मी वाट बघत होतो, आता हा म्हणणार, बुश ने म्हटलं होतं. नाही म्हणाला. म्हणाला असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो आणि मोकळा झालो असतो.

"फट लय सारखी पडलीया," तो म्हणाला. "जरा बी कमीजास्त न्हाई. हात चांगला चाललाय तुझा."

मग आपल्या शेडमधून शिसवीची एक कांब घेऊन आला. तिच्या बारीक पट्ट्या कापल्या. कमानीसाठी एक गरम पाण्यात भिजवून, हळूहळू वाकवत बसला. पांढरा शर्ट, समोर पातेलं, वाफ. आम्ही दोघांनी मिळून फटीत पट्ट्या दाबल्या. सागाच्या पिवळ्यात ती काळीभोर रेघ अशी उठून दिसली, की जणू दार त्या रेघेसाठीच केलं होतं.

वास्तुशांतीला आलेला प्रत्येक माणूस आधी दारापाशी थबकला. औंधाहून शैलाची मावशी आली होती, ती तर काळ्या रेघेवरून हात फिरवून म्हणाली, "काजळ घातल्यावानी दिसतंय गं!"

भूपाल पंगतीत वाढत होता. तिथूनच ओरडला, "दार दिनूनं केलंय वो! मी फकस्त पट्टी बसवली!"

झालं. लोकांनी पहिलं वाक्य सोडून दिलं आणि दुसरं धरलं. मलकापूर, कराड, सगळीकडं तिचं नाव झालं भूपालची पट्टी. लोक यायचे ते मागायलाच. "दार कसलं बी असू दे, भूपालची पट्टी पायजे." म्हणजे बघा, माझं चांगलं काम कधी माझ्या नावावर लागलं नाही, आणि माझी चूक गाजली तीही त्याच्या नावानं. शैला रोज सकाळी दार पुसताना ती रेघ आधी पुसायची. मी बघायचो आणि चहा न पिता कामावर जायचो.

पुढं एमडीएफच्या जाळ्यांची फॅशन आली. देवघराला जाळी, टीव्हीच्या मागं जाळी. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक, हवेतच तरंगत राहतो. भूपालच्या शेडमधून तो धुरासारखा बाहेर यायचा आणि त्यात हा पांढऱ्या शर्टात उभा, तोंडाला रुमाल नाही, काही नाही. मी माझा पाइप लावून काम करायचो. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. एका तरी गोष्टीत मी शहाणा होतो.

मग पत्र्याच्या भिंतीपलीकडून खोकला यायला लागला. आधी मधूनमधून. पुढं राउटर बंद व्हायचा आणि खोकला चालू राहायचा. मी एकदा व्हॅक्यूम, पाइप, झाकण सगळं उचलून त्याच्याकडं गेलो. "लाव हे," म्हटलं. तो म्हणाला, "आता नवऱ्याला हळद उतरल्यावर मांडव घालतोस व्हय?" आणि हसता हसता इतका खोकला, की मीच त्याला खाली बसवला. नंतर भाऊ टेम्पो घेऊन आला आणि त्याला सामानासकट गावाला घेऊन गेला. नळाचं फडकं तसंच राहिलं. मी ते सोडलं नाही.

लोक मात्र येतच राहिले. भूपालआण्णा नाहीत म्हटल्यावर माझ्याकडं वळायचे. भूपालची पट्टी मागायचे. आणि ती आता मी बसवायचो. हात माझा, घाम माझा, नाव त्याचं. गावाला गेलेल्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

शेवटी शैलाच म्हणाली, भावजींना बघून येऊ. गेलो मोटारसायकलवर. गावात शिरलो, गल्ली सापडेना. एका घरापुढं एक बाई हळकुंडं उन्हात पसरत होती. तिला शैलानं विचारलं, "अक्का, भूपालमिस्त्रींचं घर कुठलं वो?"

"त्ये काय, म्होरं गल्लीच्या टोकाला. दाराला दिनकरपट्टी हाय बगा, त्येच."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कसली पट्टी?" मी विचारलं.

"ह्यी की." तिनं आपल्याच दाराकडं बोट केलं. सागाचं दार, मधे कमान, भोवती शिसवीची काळी रेघ. "आण्णांनी दर सणाला येऊन समद्या गल्लीला बसवून दिलीया. मलकापुरात कोन दिनकर म्हनून मिस्त्री हाय म्हनं, त्येनं काडली ह्यी पट्टी. लय मोठा कारागीर हाय म्हनत्यात."

शैला माझ्याकडं वळून बघायला लागली. लग्न झाल्यापासून ज्या नजरेची मी वाट बघत होतो, ती हीच. आणि मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. गल्लीत पुढं बघितलं तर ह्या दाराला रेघ, त्या दाराला रेघ. सगळ्या दारांवर माझं नाव, आणि ते लिहिलं होतं त्यानं.

भूपाल सोप्यात खाटेवर बसलेला. शर्ट पांढराच. हाडं तेवढी राहिली होती. नाकात नळी, आणि नळी लांबवर कोपऱ्यातल्या घरघरणाऱ्या मशीनला जोडलेली. मला बघून त्यानं ती नळी बोटानं उचलून दाखवली.

"बघ गड्या, ऐकलं तुझं. लावला पाइप."

शैलाच्या डोळ्याला पदर गेला. मी मात्र रागानं फुललो होतो. नमस्कार नाही, तब्येत नाही, मी सरळ विचारलं, "पट्टीला माझं नाव का दिलंस?"

"मग कुनाचं देऊ?" त्याला एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. "खाच मोठी कुनी पाडली? मी जल्मात पाडली नसती. आन् तू पाडली नसतीस, तर मला पट्टी सुचली असती का?"

हा टोमणा होता का मोठेपणा, मला आजपर्यंत कळलेलं नाही. दोन्ही असणार. भूपाल एका दगडात दोन पक्षी मारणाऱ्यांपैकी होता, मुंगी मारत नव्हता एवढंच. श्वास त्याला पुरत नव्हता, आणि जळत होतो मी. असा दिलदार माणूस शेजारी असू नये. सोसत नाही.

दिवस मावळायच्या आत त्यानं आम्हाला आपल्याबरोबर जेवायला बसवलं. उठताना उशीखालून एक फडकं काढलं, त्यात तो बुश.

"साचा अजून तुझ्याकडंच हाय न्हवं? मग वेसण हितं ठिवून काय करू? आता तरी ने."

मी घेतला. ह्या वेळी 'आहे म्हटलं ना' असं म्हणालो नाही.

आम्ही निघालो तेव्हा नको नको म्हणत असताना तो पोचवायला उठला. नळी मागं सरपटत आली. दारापर्यंत आला आणि उंबऱ्यापाशी थांबला, कारण पाइप तिथपर्यंतच पुरत होता. मी गाडीला किक मारून वळून बघितलं. तो चौकटीत उभा होता, नळी पाठीमागं ताणलेली, आणि अंगठा दाराच्या काळ्या रेघेवरून सावकाश खाली येत होता. कुठं फट राहिलीय का, बघत होता.